ठेक्यावरचं घर आणि ग्राहकाचा कायदा

उसाचं बिल खात्यावर आलं की बारामती-इंदापूरकडच्या माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या परिसरात घरांची कामं निघतात. ठेकेदार वाळूच्या ढिगाशी उभा राहून दर सांगतो: मटेरियलसह चौरस फुटाला इतके, नुसती मजुरी असेल तर इतके. इसार दिला जातो आणि लाखांचा व्यवहार उभ्याउभ्या ठरतो. कागद म्हणाल तर वहीचं एखादं पान, नाहीतर मोबाइलवर आलेला नकाशा. एवढ्यावरही ग्राहक संरक्षण कायदा मदतीला येतो, हे सांगितलं की समोरचा हसतो. ‘मिक्सर बिघडला तर ग्राहक मंच, घराला कसला मंच?’

प्रश्न रास्त आहे, कारण १९८६च्या मूळ कायद्यात घर नव्हतंच. सेवांच्या यादीत बँक, विमा, वाहतूक, वीज असं सगळं होतं. गृहबांधणी तिथे आली १९९३च्या दुरुस्तीनं. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. घर ही स्थावर मालमत्ता, तेव्हा हा कायदा आम्हाला लागू नाही, असा प्राधिकरणाचा बचाव होता. न्यायालयानं तो उडवून लावला. दुसऱ्यासाठी घर बांधून देणं ही सेवाच. रखडवलं किंवा निकृष्ट बांधलं तर ती सेवेतली त्रुटी. वर असंही म्हटलं, की दुरुस्तीनं फक्त स्पष्ट केलं, घर आधीपासूनच कायद्याच्या कक्षेत होतं! सात वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कुणाला दिसू नये, याचं मला अजून नवल वाटतं. त्या निकालात बिल्डरबरोबर कॉन्ट्रॅक्टरचाही उल्लेख आहे. म्हणजे इंदापूरचा चार माणसांची टोळी घेऊन फिरणारा ठेकेदार आणि लखनौचं सरकारी प्राधिकरण एकाच मापानं मोजले जातात.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. तोच गवंडी हजेरीवर लावला, सिमेंट तुम्ही आणलं, आज कुठली भिंत उचलायची तेही तुम्हीच सांगितलं, तर तो तुमच्या हाताखालचा माणूस. या कायद्याखाली त्याच्यावर तक्रार चालणं अवघड. पण ‘एवढ्या रकमेत एवढं काम करून देतो’ म्हणून त्यानं ठेका घेतला, की जबाबदारी त्याच्याकडे जाते. माणूस तोच, थापी तीच. रेरा मात्र इथे कामाला येत नाही. तो विक्रीसाठीच्या प्रकल्पांचा कायदा, स्वतःच्या प्लॉटवर बांधणाऱ्याचा नव्हे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम घेण्यावरच बंधन आहे: कराराच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यांतली जी कमी असेल ती. आपल्याकडे असा खास कायदा नाही. आपला कायदा काम बिघडल्यावर जागा होतो, पण जागा झाला की दार जवळ आणतो. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. आता ठेकेदार कुठलाही असो, तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बारामती-इंदापूरकर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दाद मागू शकतो, तीही ऑनलाइन. ठेकेदाराला दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि इथे काळ्या जमिनीशी गाठ पडते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल गेला नसेल तर भिंत एक-दोन उन्हाळे दम धरते आणि मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ठेकेदार म्हणतो, ‘जमीनच तशी आहे.’ पण जमीन तशी आहे हे ओळखून पाया घेणं हेच तर त्याचं काम! मात्र ते सिद्ध करायला इंजिनीअरचा लेखी अहवाल लागतो, नुसता भेगेचा फोटो पुरत नाही. गिलाव्याआड नि मातीखाली गेलेलं सगळं नंतर वादाचं होतं, म्हणून पाया भरताना आणि स्लॅबची सळई बांधताना काढलेले फोटो सोन्याच्या मोलाचे. पैसे रोखीनं न देता खात्यावरून दिले, की तारीख-रकमेचा वादही उरत नाही. तोंडी करार कायद्याला चालतो. अडचण असते ती तो शाबीत करण्याची.

निकालाला कायद्यानं तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण निकाल लागल्यावर ठेकेदाराला अपिलात जायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश धाब्यावर बसवला तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.