शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, मालकी कुणाची?

मुशायऱ्यात आणि कविसंमेलनात कवीला दाद भरपूर मिळते. मानधनाचे पाकीट मात्र बहुधा जाण्या-येण्याच्या खर्चापुरतेच असते. कवितासंग्रहाची एक आवृत्ती संपायलाही वर्षे लागतात. त्यामुळे गेल्या तीन दशकांत अनेक मराठी कवी गाण्यांच्या अल्बमकडे वळले. आपल्या व्यापारी आणि कारागीर वाचकांना वाटेल, की कवींच्या या उद्योगाशी आपला काय संबंध? संबंध जवळचा आहे. एक शिंपी नगावर मजुरी घेतो. दुसरा स्वतःचे कापड आणून स्वतःच्या नावाचा शर्ट बाजारात विकतो. हुनर दोघांचा सारखाच, पण हिशेब वेगळा. अल्बम काढणारा कवी या दुसऱ्या शिंप्याच्या वाटेने निघालेला असतो. ही वाट कुठे फायद्याची आणि कुठे धोक्याची, हे पाहण्यासारखे आहे.

जिल्ह्यातील जुना दाखला

कवीने गाण्याच्या धंद्यात उतरणे ही गोष्ट नवी नाही. सांगलीकडच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी घरचे कुलकर्णीपण सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव म्हणून गाजले. आपल्या जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाई त्यांच्या साथीला आल्या आणि बापूरावांची लावणी महाराष्ट्रभर पोहोचली. लिहिणारा स्वतःच फडाचा मालक, म्हणजे आजच्या भाषेत कवी स्वतःच निर्माता! गर्दी झाली, पैसा आला. पुढे दोघांची ताटातूट झाली आणि १९४५ साली बापूराव गेले ते हलाखीत. ज्यांच्या लावण्या गावोगावच्या फडांनी गायिल्या, त्यांच्या घरात त्या गाण्यांचा पैसा येत राहील अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. फड होता तोवर कमाई, फड मोडला की कमाई बंद. हातावर पोट असलेल्या कारागिराची जी अवस्था, तीच या मोठ्या शाहिराची झाली.

कॅसेटने बाजार बदलला

१९८० नंतर कॅसेट आली आणि गाण्याचा बाजार पार बदलला. पूर्वी ध्वनिमुद्रिका काढणे हे एच.एम.व्ही.सारख्या मोठ्या कंपनीचेच काम होते. दिल्लीत फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातले गुलशन कुमार यांनी टी-सीरिजच्या नावाने स्वस्त कॅसेट काढली आणि ती किराणा दुकानापासून पानाच्या टपरीपर्यंत पोहोचवली. मूळ गाण्याला दोन वर्षे झाली की ठराविक रॉयल्टी भरून तेच गाणे दुसऱ्या आवाजात काढण्याची मुभा तेव्हाच्या कायद्यात होती. तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. १९९७ साली मुंबईत त्यांची हत्या झाली, पण स्वस्त मालाची त्यांची रीत सर्वांनीच उचलली. भजने, लोकगीते, कव्वाल्या, भीमगीते असा सगळा माल तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर मिळू लागला.

यातला लिहिणारा मात्र बहुतेक वेळा मजुरीवरच राहिला. गाणे लिहून द्यायचे, एकरकमी पैसे घ्यायचे आणि सही करून मोकळे व्हायचे. कॅसेट शंभर विकली काय आणि लाख विकली काय, कवीला फरक पडत नसे.

कवी पुढे आला

१९९८ च्या सुमारास आलेल्या ‘गारवा’ या अल्बमने मराठीत एक नवा नमुना घातला. सौमित्र, म्हणजे किशोर कदम, यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचे संगीत. गाण्यांच्या मधे कवीने स्वतःच्या आवाजात कविता म्हटल्या. कवीचे नाव कव्हरच्या कोपऱ्यात न राहता मालाची ओळख बनले. पुढे २००३ साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू झाला. कवी स्वतः रंगमंचावर, कविताही म्हणणार आणि गाणारही. सीडी ऐकून माणूस तिकीट काढी आणि कार्यक्रम पाहून सीडी घेई. एका मालाने दुसऱ्या मालाला गिऱ्हाईक आणून द्यावे, ही कोणत्याही दुकानदाराला पटणारी गोष्ट आहे.

सांगली जिल्ह्यातील दुधगावचे इलाही जमादार यांचा दाखला आपल्याला अधिक जवळचा. मराठी गझलेत त्यांनी मोठे नाव कमावले. ते स्वतः गायक नव्हते. भीमराव पांचाळे यांच्यासारख्या गायकाच्या आवाजातून त्यांची गझल पुस्तक न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. २०२१ साली त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या गझला आजही मैफलींत गायिल्या जातात. कवीनंतरही माल चालत राहतो. म्हणूनच पुढची बाब वारसांसाठीही महत्त्वाची ठरते.

एका गाण्यात चार हक्क

एका गाण्यात किमान चार जणांचा हक्क असतो. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि गाण्याबद्दलचा कलावंताचा हक्क गायकाचा. तयार ध्वनिमुद्रण मात्र ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली त्या निर्मात्याचे. कवीने स्वतः अल्बम काढला तर पहिला आणि चौथा, असे दोन हक्क त्याच्याकडे येतात. कंपनीला गाणे लिहून दिले तर ध्वनिमुद्रण कंपनीचे होते.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याचे पारडे जड झाले होते. गीतकार-संगीतकारांनी अनेक वर्षे दाद मागितली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता अल्बमसाठी शब्द दिले तरी त्या ध्वनिमुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा मागण्याचा कवीचा हक्क शाबूत राहतो. तो कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गीतकार आणि संगीतकारांसाठी अशी रॉयल्टी गोळा करणारी आय.पी.आर.एस. ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. २०१७ साली तिची नव्या कायद्याखाली नोंदणी झाली. जो कवी सभासद नाही आणि ज्याने आपली गाणी नोंदवली नाहीत, त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण.

करार करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, तोंडी बोली चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरला नाही, आणि करारात वेगळे ठरले नसेल, तर हक्क परत येतो. कवितेचा कॉपीराइट कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तो मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास नोंदणीचा कागद उपयोगी पडतो. कवितेच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाची २,००० रुपये आहे.

बिनरॉयल्टीचा कच्चा माल

याच नियमाचा दुसरा फायदा आपल्या जिल्ह्याने घ्यावा. बापूरावांच्या मृत्यूला ६० वर्षे २००५ अखेर पूर्ण झाली. त्यांच्या हयातीत छापलेल्या लावण्या आता कुणालाही गाता येतात. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद तर साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या या मुस्लिम मराठी कवीच्या अभंगांना नवी चाल लावून अल्बम काढायला शब्दांसाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. नवी चाल आणि नवे ध्वनिमुद्रण यांचा हक्क मात्र करणाऱ्याचा राहतो. एवढेच पाहावे, की आधुनिक संपादकाने लिहिलेली प्रस्तावना व टीपा आणि दुसऱ्याने बांधलेली चाल परवानगीशिवाय उचलायची नाही.

आजचा बाजार

कॅसेट गेली, सीडीही जवळजवळ गेली. आता गाणे मोबाइलवर ऐकले जाते. माल छापायचा, साठवायचा आणि विकला नाही तर परत घ्यायचा, हा खर्च उरला नाही. पण अडचणी आहेत. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी साधारणतः १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे ही अट आहे. तिथवर पोहोचायलाच नवख्याला बरेच दिवस लागतात. स्टुडिओ, वादक आणि चित्रीकरण यांचा खर्च मात्र आधी रोख द्यावा लागतो. म्हणून कर्ज काढून, दागिने मोडून अल्बम काढू नये. आधी एक गाणे काढावे, कार्यक्रमात वाजवून पाहावे, गिऱ्हाईक दिसले तर पुढचे करावे. दुकानात नवा माल आपण असाच थोडा मागवून पाहतो.

आपल्यापैकी कुणी व्यापारी एखाद्या कवीच्या अल्बमला भांडवल देणार असेल, तर त्याने ते दान आहे, कर्ज आहे की भागीदारी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. भागीदारी असेल तर ध्वनिमुद्रणात कुणाचा किती हिस्सा, खर्च वसूल होईपर्यंत कमाई कुणाची आणि नंतर किती, तेही लिहावे. कवीचा शब्दांवरचा हक्क त्यात मिसळू नये. ओळखीच्या माणसाशी कागद कसला करायचा, असा संकोच आपल्याकडे फार. पण हिशेब स्पष्ट असला तरच दोस्ती टिकते, हे बाजारात बसणाऱ्याला कुणी वेगळे सांगायला नको.