मोजणी नंतरची, शेत आधीचे : बालाघाटच्या सरहद्दीवरून संगीताच्या मूलतत्त्वांचा आढावा

सरहद्दीवरच्या जिल्ह्याला सरकारी दफ्तरात एकच नाव असले, तरी त्याच्या कानांत अनेक बोली एकाच वेळी नांदत असतात. 1867 च्या सुमारास भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून घडविलेला बालाघाट हा असाच एक जिल्हा होय. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी, पोवारी आणि हिंदी यांचा परस्परांशी चाललेला व्यवहार त्या निर्णयाने खंडित झाला नाही. बैहरच्या पठारावर मांदर या ढोलाच्या साथीने बैगा आणि गोंड करमा नाचतात, पिके घरात आल्यावर काठ्यांच्या आघातांवर सैला नाच रंगतो, आणि खालच्या मैदानात भजनी मंडळांच्या टाळ-खंजिरीचा गजर उठतो. स्वर, लय, ताल आणि राग यांचा विचार करावयाचा, तर दरबारी मैफलीपेक्षा येथूनच तो सुरू करणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

नियमित कंपनांतून उपजणारा, कानाला स्थिर भासणारा ध्वनी तो नाद. आणि एका नादाचे दुसऱ्याशी नाते जडले म्हणजे स्वराचा जन्म होतो. षड्ज (सा) सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर मध्यम (म) 320, पंचम (प) 360 आणि तार षड्ज 480 कंपनांचा येतो. षड्जाची उंची गायकागणिक बदलते, परंतु 4:3, 3:2 आणि 2:1 ही प्रमाणे बदलत नाहीत. म्हणूनच भिन्न पट्टीच्या दोन गळ्यांतून निघालेली एकच चाल आपण अचूक ओळखतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार (ग) आपोआप उमटतो, तो मध्य सप्तकात उतरविला तर 300 कंपनांचा. पेटीच्या बारा समान भागांत विभागलेल्या सप्तकात मात्र तोच गांधार 302 च्याही किंचित वर सरकतो.

असे सूक्ष्म स्वरभेद आपल्या शास्त्रकारांच्या लक्षात फार पूर्वी आले होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्यात सप्तकाच्या बावीस श्रुतींचे विवेचन आहे. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, म्हणजे एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या आधारे याच श्रुतींची मोजणी आरंभिली. महसुलाच्या मामल्यांत आयुष्य घालविलेल्या गृहस्थाला नादाच्या हद्दी निश्चित कराव्याशा वाटल्या, यात विसंगत असे काही नाही. मात्र मोजणीची साखळी पोहोचण्यापूर्वीच शेत पिकत असते, हेही त्यांच्या खात्याला ठाऊक असणारच.

लय आणि ताल यांच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. लय म्हणजे काळाची समान गती, आणि त्या गतीच्या ठरावीक मात्रांचे आवर्तन म्हणजे ताल : त्रितालाच्या सोळा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा, दादऱ्याच्या सहा. आवर्तन जेथे परतते ती सम. रूपकाच्या सात मात्रांत तर समेवरच खाली, म्हणजे रिकामी टाळी, येते, आणि नवख्या श्रोत्याची त्रेधा उडते. करम्याच्या रांगेत मात्रा कोणी बोटांवर मोजत नाही, परंतु एकाचे पाऊल चुकले की साऱ्या रांगेला कळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) विदर्भात खंजिरीवर जी भजनपरंपरा रुजविली, तिच्यातही हजारोंचा समुदाय टाळी एकाच ठिकाणी देतो, तेव्हा समेची व्याख्या कोणी पाठ केलेली नसते.

राग हे तत्त्व याहून अवघड, कारण ते केवळ स्वरांच्या यादीत सापडत नाही. भूप आणि देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर आहेत. पण भूपात गांधार वादी, म्हणजे प्रमुख स्वर, असून गाण्याचा भार पूर्वांगावर, म्हणजे सप्तकाच्या खालच्या भागावर, राहतो, तर देशकारात धैवत प्रमुख होऊन सारा कल वरच्या भागाकडे, उत्तरांगाकडे, वळतो. भांडवल तेच, व्यवहार निराळा. पेशाने वकील असलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी (1860–1936) घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून, दहा थाटांत, म्हणजे मूळ स्वरसंचांत, रागांची व्यवस्था लावली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिला. त्या दहा रकान्यांत काही राग आजही नीट मावत नाहीत. तो दोष भातखंड्यांच्या परिश्रमांचा नव्हे. जे आधी गायिले गेले त्याला नंतर नियमात बसविताना असे होणे अपरिहार्य आहे.

तेव्हा ज्यास संगीत समजून घ्यावयाचे आहे, त्याने परिभाषेपूर्वी कानाला चार कामे सांगावीत : षड्ज कोठे आहे ते धरावे, कोणते स्वर वर्ज्य आहेत ते पाहावे, सम केव्हा येते ते ओळखावे, आणि चाल कोणत्या स्वरावर विसावते याकडे लक्ष द्यावे. ही परीक्षा ख्यालाला लागू पडते तशीच भजनाला आणि करम्यालाही. लोकसंगीत ही शास्त्राची अविकसित पायरी होय, असा जो ग्रह सुशिक्षितांत रूढ आहे, तो या परीक्षेपुढे टिकत नाही. तत्त्वे दोहोंकडे तीच आहेत, भेद आहे तो विस्ताराचा आणि नियमांच्या जाणिवेचा.