ओझं हाडावर बसवा

डबेवाल्याच्या डोक्यावरच्या लांबट लाकडी ट्रेमध्ये ३५ ते ४० डबे बसतात. भरलेल्या ट्रेचं वजन ६० ते ६५ किलोंपर्यंत जातं, म्हणजे बहुतेकदा वाहणाऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतकं. तो ट्रे घेऊन दादरचा जिना उतरताना त्याची मान ताठ असते, नजर समोर असते आणि चाल जवळजवळ धावती. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यातली माणसं प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतली. शुक्रवारी-शनिवारी रात्री त्याच दादर स्टेशनात शेवटची कसारा नाहीतर शेवटची कर्जत पकडायला गिरगाव, परळ, लालबागची पोरं पाठीवर सॅक घेऊन उभी असतात. कर्जतला उतरून त्यांतली काही राजमाचीला किंवा भीमाशंकरला चढतात, म्हणजे मावळात आणि खेडात पोचतात. मुंबईचं ओझं ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांच्याच मुलुखात ही मुलं स्वतःचं ओझं पाठीवर घेऊन चढत असतात. दोघांच्या ओझ्याचा विचार एकत्र फारसा कुणी केलेला नाही. सॅक कशी निवडावी हे समजून घ्यायचं तर तो करायला हवा, असं माझं मत आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरची दाखवू?’ लिटरवरून सॅकच्या पोटात काय मावेल ते कळतं. वजन शरीराच्या कोणत्या भागावर येणार, हे त्यातून मुळीच कळत नाही. आणि वाटेवर दुखतं ते या दुसऱ्याच गोष्टीमुळे.

माणसाने ओझ्यासाठी शोधलेली फार जुनी आणि सगळ्यात सरळ जागा म्हणजे डोकं. १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकवर मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या कोळणी असोत, मशीद बंदरच्या गोदामांतले माथाडी असोत, की दादरच्या फुलबाजारातले हमाल. डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि तिच्यावर भार घ्यायचा. चुंबळ टोचणं कमी करते, शिवाय भाराला सपाट बैठक देते. कवटीच्या खाली मणक्यांची ओळ, तिच्या खाली कंबरेची हाडं. भार या उभ्या रेषेत राहिला तर स्नायूंना तो तोलून धरावा लागत नाही, हाडं तो खाली पोचवतात. १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक अभ्यास छापून आला. या बायका स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं जादा शक्ती खर्च न करता वाहत होत्या. त्यापुढे मात्र खर्च वाढत गेला. लहानपणापासूनच्या सरावाने कमावलेली ती चाल आहे. शहरातल्या माणसाने उद्या सकाळी हंडा डोक्यावर घेतला म्हणून ती येणार नाही.

डोक्याची किंमत मान चुकवते. एकेकाळी साखरेचं, धान्याचं पोतं १०० किलोंचं असायचं, आणि ते एकट्या माणसाच्या पाठीवर किंवा माथ्यावर चढायचं. सातारा-सांगलीकडून आलेल्या या कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलं. त्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला आणि मजुरी, भविष्य निर्वाह निधी, नोंदणी यांची व्यवस्था लागली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच हाताने वाहायच्या भाराबद्दल करार केला होता, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली होती. पोतं हळूहळू ५० किलोंवर आलं. सॅकबद्दलच्या लेखात पोत्याचा हा इतिहास मी मुद्दाम घेतला आहे. किती वजन उचलायचं हा प्रश्न या शहराने आधी बाजारात लढवला आहे, आणि तो लढवणारी माणसं हौसेने ओझी उचलत नव्हती.

नेपाळी भारवाहकांची रीत याहून वेगळी. पाठीवर डोको नावाची विणलेली टोपली, तिच्याखालून आलेला पट्टा कपाळाच्या वर माथ्यावर. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. २००५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात नामचेच्या बाजाराकडे निघालेल्या पुरुष भारवाहकांचं ओझं सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरलं, बायकांचं ६६ टक्के. ते हळू चालतात, वारंवार थांबतात, काठीवर डोको टेकवून उभ्यानेच विसावा घेतात. आपल्याकडच्या ट्रेकमध्ये जो सगळ्यांत पुढे पळतो त्याचं कौतुक होतं. वजनदार सॅक घेऊन चालणाऱ्याने शिकावं ते या मंडळींकडून.

पाठीवरच्या सॅकची खरी परीक्षा मात्र अमेरिकेच्या डोंगरांत झाली, आणि ती मांसाने घेतली. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या घरात जातो. शिकार गाडीरस्त्यापासून कित्येक किलोमीटर आत होते. हाडं काढली तरी ९०-१०० किलो मांस उरतं, ते पाठीवरून बाहेर आणावं लागतं, आणि अनेक राज्यांत खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तिथला शिकारी सॅक निवडतो ती परतीच्या ओझ्यासाठी. जाताना पाठीवर तंबू, पाणी, थोडं खाणं; येताना एका खेपेला ३०-३५ किलो, तेही ओलं, लिबलिबीत आणि सतत खाली सरकणारं. अशा तीन-चार खेपा, आणि मांस नासायच्या आत. म्हणून त्यांच्या सॅकची पिशवी आणि चौकट वेगळी होते. मांस हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत घालतात आणि ती पिशवी चौकट व सॅक यांच्या मधल्या फटीत, पाठीला चिकटून, खांद्यांच्या पातळीच्या आसपास करकचून आवळतात. भार पाठीपासून चार बोटं जरी लांब गेला, तरी माणूस पुढे वाकून त्याची भरपाई करतो आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरते.

ही चौकट टप्प्याटप्प्याने घडत गेली. १९२४ साली लॉइड नेल्सनने लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासच्या सॅकचं पेटंट घेतलं. ती ‘ट्रॅपर नेल्सन’ नावाने शिकाऱ्यांमध्ये आणि वनखात्यात अनेक वर्षं चालली. पण तिचा सगळा भार खांद्यांवर यायचा. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टीने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट विकायला सुरुवात केली. त्याच्या एका मित्राने डोंगरात चालताना चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खुपसली आणि खांदे एकदम हलके झाले, अशी हकीकत सांगितली जाते. कंबरपट्टा त्यातून आला. १९६७ साली ग्रेग लोने चौकट सॅकच्या आत नेली. आज दादरच्या फलाटावर दिसणारी जवळपास प्रत्येक मोठी सॅक त्याच घराण्यातली आहे.

आपल्याकडच्या शिकारीत हा विचार झाला नाही, याचं कारण उघड आहे. साहेब आणि संस्थानिक बंदूक चालवत. सांबर पाय बांधून बांबूला अडकवायचं आणि खांद्यावरून गावापर्यंत आणायचं काम हाकाऱ्यांचं, म्हणजे जवळच्या पाड्यातल्या माणसांचं. ज्याच्या खांद्याला बांबू रुतत होता त्याच्या हातात साधन सुधारायला पैसा नव्हता, आणि ज्याच्याकडे पैसा होता त्याचा खांदा मोकळा होता. ते दिवस गेले यात हळहळण्यासारखं काही नाही; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली हे योग्यच झालं. पण भारवाहनाचा अभ्यास मात्र आपल्याकडे शिकाऱ्यांऐवजी गिर्यारोहकांना करावा लागला.

तो त्यांनी हलाखीतच केला. गिरीविहार ही मुंबईतली जुनी गिर्यारोहण संस्था १९५४ सालची. त्या काळातल्या आणि पुढच्याही पिढीच्या पाठीवर लष्करी वापरातून निघालेली कॅनव्हासची सॅक असायची. चौकट नाही, कंबरपट्टा नाही, पावसात भिजली की स्वतःच दीड-दोन किलोंनी जड. अशा साधनांवर तयार झालेल्या या संस्थेने १९८८ साली ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेवर मोहीम नेली. आज पाच-सहा हजारांत मिळणारी सॅक त्या पिढीच्या सॅकपेक्षा कितीतरी सरस आहे. चुकतं ते मापात.

माप पाठीचं घ्यायचं, उंचीचं नाही. मान पुढे वाकवली की गळ्याच्या मागे एक मणका ठळक हाताला लागतो. तिथून टेप सोडायची ती कंबरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणाऱ्या रेषेपर्यंत. प्रौढांत हे अंतर साधारण ४० ते ५० सेंटीमीटर भरतं. एकाच उंचीच्या दोन माणसांत ते चार-पाच सेंटीमीटरने सहज वेगळं निघतं, कारण कुणाचे पाय लांब असतात, कुणाची पाठ. सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब असली तर कंबरपट्टा मांड्यांवर उतरतो आणि चढताना गुडघा उचलू देत नाही. आखूड असली तर पट्टा पोटावर चढतो आणि श्वास कोंडतो. दोन्हींत भार पुन्हा खांद्यांवर येतो. मध्यम बांध्याच्या आपल्या माणसांना, विशेषतः मुलींना, परदेशी मापाची मोठी सॅक बहुतेकदा लांब पडते. म्हणून पाठीचं माप वरखाली सरकवता येईल अशीच सॅक घ्यावी, चार पैसे जास्त गेले तरी.

कंबरपट्टा हाडाच्या काठावर, अर्धा वर आणि अर्धा खाली बसला पाहिजे. गिरगावच्या शोभायात्रेत ढोल वाजवणारी मुलगी तो दोरीने कंबरेला बांधते आणि तासन् तास उभी राहते, तीच ही जागा. सगळा भार कंबरेवर जातो, असं विक्रेते सांगतात. त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. २००४ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी बाह्य चौकटीच्या सॅकवर मोजमाप केलं, तेव्हा उभ्या भाराचा साधारण ३० टक्केच हिस्सा पाठीच्या खालच्या भागाकडे गेलेला आढळला. उरलेला वरच्या पाठीवर आणि खांद्यांवरच होता. म्हणजे उत्तम सॅकही वजन कमी केल्यावाचून तारत नाही. दोन दिवसांच्या सह्याद्री ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, हे माझं ठाम मत. ६० किलोंच्या माणसाला १२ किलो भरपूर झाले.

यातलं सगळ्यांत जड सामान म्हणजे पाणी. एप्रिल-मे महिन्यांत अलंग-मदन-कुलंगसारख्या वाटेवर माणशी चार-पाच लिटर घ्यावंच लागतं, म्हणजे तितकेच किलो. ते सॅकच्या तळाशी किंवा बाहेरच्या खिशात टाकू नये. पाठीला लागून, खांद्यांच्या फळ्यांच्या मधल्या उंचीवर ठेवावं, मांसाची पिशवी बसते तिथेच. कातळटप्पा चढायचा असेल तर थोडं खाली, कारण वर बसलेलं वजन हात सुटण्याच्या क्षणी माणसाला मागे ओढतं. झोपायची चादर आणि कपडे तळाला. कारवीच्या रानात डोक्याच्या वर गेलेली सॅक फांद्यांत अडकते आणि बाहेर लोंबणारी चटई फाटते, तेव्हा उंचीपेक्षा आटोपशीर बांधणी महत्त्वाची. पावसाळ्यात वरच्या कव्हरवर विसंबू नये. पाठीकडून पाणी आत येतंच. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सामान तिच्यात भरलं की कपडे कोरडे राहतात. आणि लोकलमध्ये शिरण्याआधी सॅक पाठीवरून उतरवून पुढे घ्यावी.

सह्याद्रीत जाताना ओझं जास्त असतं आणि येताना कमी, कारण शिधा-पाणी संपतं. त्यामुळे परतीच्या वजनाचा विचार आपण करत नाही. पण एक ओझं असं आहे की ते फक्त परतीलाच येतं: पाय मोडलेला सोबती. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना हे माहीत आहे. स्ट्रेचरला एका वेळी सहा-आठ जण लागतात, दर काही मिनिटांनी हात बदलावे लागतात, आणि तासाभराची वाट उतरायला आख्खी रात्र जाते. त्या वेळी ज्याची पाठ आधीच्या चढातच मोडली आहे तो हात द्यायला उरत नाही. दोर, पट्ट्या, जादा पाणी यांची गटात नीट वाटणी केलेली असेल तर माणसं ताजी राहतात. ट्रेक ठरवताना जेवणाची यादी होते, तशीच वजनाची यादीही प्रत्येक नेत्याने करावी.

शाळेच्या दप्तराबद्दल महाराष्ट्र शासनाने २०१५ साली नियम केला: मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून दप्तर जड नको. दप्तराला नियम आहे, पोत्याला संकेत आहे. ट्रेकिंगच्या सॅकवर मात्र लिटर छापलेले असतात, आणि पाठीचं माप अनेकदा कुठेच नसतं. उत्पादकांनी ते सेंटीमीटरमध्ये ठसठशीत छापावं, आणि ट्रेकिंग संस्थांनी तशी मागणी लावून धरावी. तोवर वाचकांना एक सांगणं. सॅक घ्यायला जाताना शिवणाची टेप आणि पाण्याच्या भरलेल्या दहा बाटल्या सोबत न्या. बाटल्या सॅकमध्ये भरा, आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, आणि अर्धा तास दुकानात, जमलं तर जिन्यावर, चालून पाहा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.