सोडलेला मासा वाचतोच असं नाही

‘आम्ही मासा मारत नाही. पकडतो, फोटो काढतो, सोडून देतो. त्यात माशाचं काय जातं?’ स्ट्राइप्ड बास ऊर्फ स्ट्रायपर या माशाचा विषय निघाला की हे ऐकावं लागतंच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षानुवर्षं गळ टाकणारे लोक हेच सांगतात, आणि त्यांच्या नादाने रॉड घेतलेली न्यू जर्सीची मराठी मंडळीही हेच सांगतात. हेतू चांगला असतो, पण समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचं कळून कितीतरी वर्षं झाली.

किनाऱ्यावरच्या राज्यांचा मिळून एक सागरी मत्स्य आयोग आहे. त्याने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनातले आकडे पाहा. 2017 या एका वर्षात हौशी मासेमारांनी सुमारे 3.8 कोटी स्ट्रायपर सोडून दिले आणि त्यांतले 34 लाखांच्या आसपास नंतर मेले, असा आयोगाचा अंदाज आहे. कापून खाण्यासाठी घरी नेलेले मासे होते साधारण 29 लाख. म्हणजे त्या वर्षी ‘वाचवलेल्या’ माशांतलेच जास्त मेले.

मेले हे कुणी पाहिलं, असा प्रश्न लगेच येतो, आणि तो रास्त आहे. हा हिशेब सोडलेल्या माशांपैकी 9 टक्के मरतात असं धरून केलेला आहे. पॉल डायोडाटी आणि अ‍ॅन रिचर्ड्स यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये गळाने पकडलेले मासे खाऱ्या पाण्याच्या बंदिस्त जागेत सोडून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 1996 साली छापलेल्या त्या अभ्यासातली ही सरासरी. पण सरासरीवर थांबू नका. परिस्थिती चांगली असेल तर मृत्यूचं प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास राहतं आणि वाईट असेल तर 26 टक्क्यांपर्यंत जातं, असं त्यांनाच आढळलं. गळ किती खोल रुतला आणि धरणारा हात किती सराईत होता, यावर बरंच अवलंबून होतं.

‘पण माझ्यासमोर पोहत गेला की!’ गेला असेल. झुंजीत दमलेल्या माशाच्या रक्तात आम्ल साठलेलं असतं, कल्ले हवेत कोरडे पडलेले असतात, गळ पोटात गेला असेल तर आत जखम असते. असा मासा तुमच्या नजरेआड जातो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतो. ते तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

इथे ऋतूचा संबंध येतो. हा मासा हिलशासारखा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. एप्रिल-मेमध्ये तो चेसापीक उपसागराच्या नद्यांत, हडसनमध्ये, डेलावेअरमध्ये असतो. उन्हाळ्यात मोठे मासे उत्तरेला न्यू इंग्लंडकडे सरकतात, शरदात चाऱ्याच्या मागे न्यू जर्सीच्या किनाऱ्यालगत खाली उतरतात. वसंतात आणि शरदात पाणी गार असतं, सोडलेला मासा लवकर सावरतो. जुलै-ऑगस्टमध्ये चित्र पालटतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि माशाची गरज मात्र वाढलेली. त्यात चेसापीकच्या वरच्या भागात पाणी फारसं खारं नसल्याने दमलेल्या माशाला सावरणं आणखी जड जातं. मेरीलँडने 2021 पासून 16 ते 31 जुलै या काळात गळ टाकणंच बंद केलं ते याचसाठी. ‘मी खाणार नाही, नुसता सोडणार आहे’ ही सबब त्या पंधरवड्यात चालत नव्हती.

आता नियमांकडे बघा. 2023 पासून समुद्रात पकडलेला मासा 28 ते 31 इंचांचा असेल तरच ठेवता येतो, तोही दिवसाला एक. नियम गरजेचा आहे, पण त्यामुळे बाकीचे सगळे परत पाण्यात जातात. म्हणून ते कसे जातात हे फार महत्त्वाचं. आमिष लावून गळ टाकणाऱ्यांना 2021 पासून सर्कल हूक सक्तीचा आहे. त्याचं टोक आत वळलेलं असल्याने तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही.

काही किरकोळ गैरसमजही ऐकू येतात. ‘मोठा मासा म्हातारा, मारला तर बिघडलं काय?’ बिघडतं; मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते, लहान मादीच्या कितीतरी पट. ‘सगळं नुकसान धंदेवाल्या कोळ्यांनी केलं.’ त्याच 2017 साली मेलेल्या एकूण माशांत त्यांचा वाटा साधारण दहावा हिस्सा होता. ‘हिवाळ्यात खोल समुद्रात जाऊन बिनधास्त पकडावा.’ किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे स्ट्रायपर पकडणं 1990 पासून बेकायदा आहे. ‘हा मासा काय, बंदी घातली की परत येतोच.’ 1985 ते 1990 मेरीलँडमध्ये पूर्ण बंदी होती आणि मासा परत आला, हे खरं. पण नद्यांतल्या पिल्लांची मेरीलँड दरवर्षी मोजदाद करतं. तिच्या निर्देशांकाची दीर्घकालीन सरासरी 11 च्या आसपास आहे आणि 2023 चा आकडा होता 1.0.

तेव्हा पाणी कोमट लागलं तर त्या दिवशी स्ट्रायपरसाठी गळ टाकू नका. गार पाण्यात पकडलात तर लवकर ओढून घ्या, हात ओले करा, जमलं तर मासा पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवा. आणि फोटो राहिला तर राहू द्या.