राणीमाशी हुकूम देत नाही

आज आपण मधमाश्यांविषयी बोलू या. मधाविषयी नाही, मोहोळाच्या कारभाराविषयी. आपल्या बचत गटाचं घोडं अनेकदा पैशापाशी अडत नाही, निर्णयापाशी अडतं. अध्यक्षताई बोलतात, बाकीच्या माना डोलावतात, सह्या होतात. पुढे निर्णय चुकला की कर्जाचा हप्ता मात्र सगळ्यांच्या माथी येतो.

मधमाश्या आपल्याला परक्या नाहीत. कांद्याचे डोंगळे फुलले की पांढऱ्या गोंड्यांवर त्या घोंगावतात. त्या आल्या नाहीत तर बी नीट भरत नाही. पेठ-सुरगाण्याकडे उंच झाडांना आग्यामोहोळ लटकलेलं दिसतं. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या कपारीत सातेरी माशी राहते. तीच पेटीतही पाळतात.

या हजारो माश्यांची मालकीण म्हणजे राणी, असं आपण समजतो. पण राणी कुणाला कामाला लावत नाही. ती अंडी घालते, आणि तिच्या अंगाच्या गंधामुळे सगळ्या माश्यांना कळतं की आपलं घर शाबूत आहे, आपण एक आहोत. पिल्लांना भरवणं, मेण घडवणं, दारावर पहारा, फुलं शोधणं ही कामं कामकरी माश्या आपणहून वाटून घेतात. वय वाढेल तसं त्यांचं काम बदलतं. आधी घरातलं, शेवटी बाहेरचं.

मग मोठा निर्णय कोण घेतं? फुलोरा चांगला असला, घर भरून गेलं, की वसाहत फुटते. जुनी राणी बऱ्याच माश्यांना घेऊन बाहेर पडते. हा घोस जवळच्या फांदीला लटकतो. आता नवं घर हवं. जागा चुकली तर पाणी शिरेल, मुंग्या येतील, मध साठवायला जागा पुरणार नाही. म्हणजे सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न.

हा निर्णय कसा होतो, ते मार्टिन लिंडाउअर नावाच्या शास्त्रज्ञाने शोधून काढलं. 1949 साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात त्यांना अशा लटकलेल्या घोसावर काही माश्या नाचताना दिसल्या. त्यांच्या अंगावर परागकण नव्हते. कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल. युद्धात पडलेल्या इमारतींमधून, धुराड्यांमधून त्या फिरून आल्या होत्या. फुलं नव्हे, घर बघून आल्या होत्या! नाचातून माशी दिशा आणि अंतर सांगते, हे त्यांचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच उलगडलं होतं. त्या कामासाठी त्यांना 1973 साली नोबेल पुरस्कार मिळाला.

पुढे अमेरिकेतल्या थॉमस सीली यांनी अनेक वर्षं हेच काम नेलं. झाडं फारशी नसलेल्या एका बेटावर त्यांनी पाच खोकी ठेवली. चार लहान, एक हवं तसं मोठं. पाच वेळा प्रयोग केला. चार वेळा माश्यांनी मोठं खोकंच निवडलं. हे त्यांना कसं जमतं, त्याच्या चार गोष्टी आपण लक्षात ठेवू.

पहिली गोष्ट, बघायला एकच माशी जात नाही. शेकडो शोधक माश्या वेगवेगळ्या दिशांना जातात आणि आपापली जागा सांगतात.

दुसरी गोष्ट, जागा जितकी चांगली, तितका वेळ ती माशी नाचते. पण नाच बघून दुसरी लगेच होकार देत नाही. ती स्वतः उडत जाते, आत शिरून जागा बघते, पटली तरच परत येऊन नाचते. आपण म्हणतो, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. माशी म्हणते, ऐकावे बहिणीचे, पाहावे आपल्या डोळ्यांनी.

तिसरी गोष्ट, हट्ट नाही. प्रत्येक फेरीनंतर माशीचा नाच थोडा कमी होत जातो आणि शेवटी थांबतो. पहिली बातमी आणली म्हणून तिचंच खरं, असं तिथे चालत नाही.

चौथी गोष्ट, एका जागेवर वीस-तीस शोधक माश्या एकाच वेळी जमल्या की ठरलं. मग सगळ्या उडतात आणि राणीही त्यांच्याबरोबर जाते. ती पुढे नसते, मध्ये असते.

आता आपल्या गटाकडे येऊ. समजा, नागलीच्या पापडासाठी मशीन घ्यायचं ठरतंय आणि बँकेचं कर्ज काढायचं आहे. दुकानदाराकडे एकट्या अध्यक्षताई जाऊन आल्या आणि सांगितलं, "मशीन छान आहे." बाकीच्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." इथेच आपण माश्यांपेक्षा मागे पडतो.

तेव्हा तिघी-चौघींना वेगवेगळ्या कामाला पाठवा. एकीने दोन-तीन दुकानांत भाव आणि दुरुस्तीची सोय विचारावी. दुसरीने असं मशीन आधी घेतलेल्या गटाला भेटावं. रोज किती तास चालतं, की कोपऱ्यात धूळ खात पडलंय, ते डोळ्यांनी बघावं. तिसरीने विजेची चौकशी करावी, कारण मशीनची मोटार थ्री फेजवर चालणारी आणि गावात जोडणी सिंगल फेजची असेल तर सगळा खर्च पाण्यात. चौथीने बाजारात पापड कोण आणि काय भावाने घेईल ते विचारावं.

बैठकीत आधी या मैत्रिणींनी बोलावं. सगळ्यांत नव्या, सगळ्यांत गप्प सदस्येला आधी विचारावं. अध्यक्षताईंनी शेवटी बोलावं, कारण त्या आधी बोलल्या की बाकीच्यांची तोंडं बंद होतात. आणि किती जणींचा होकार आला म्हणजे ठरलं, हे बोलणं सुरू होण्याआधीच ठरवावं. मग कोण काय म्हणालं आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहावं.

राणीकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. राणी अचानक मेली तर माश्यांना काही तासांत कळतं. कामकरी माशीचीच एखादी कोवळी अळी निवडून तिला सतत राजान्न भरवतात आणि त्यातून नवी राणी तयार होते. म्हणजे राणी वेगळ्या अंड्यातून येत नाही, तिला घडवलं जातं. आपल्याकडे मात्र एकच ताई बँकेत जाते, तिलाच हिशोब येतो. ती आजारी पडली की गट बंद. म्हणून बँकेत जाताना दरवेळी वेगळी सदस्या सोबत न्या. वही लिहायला दोघी-तिघींना शिकवा.

पण मोहोळातलं सगळंच घेण्यासारखं नाही. कामकरी माशी पंख झिजेपर्यंत राबते आणि काही आठवड्यांत मरते. गटासाठी कुणी ताईने असं झिजावं, ही अपेक्षा आपण ठेवायची नाही. शिवाय माश्यांचं घर एक, मध एक. आपली घरं वेगळी, गरजा वेगळ्या. म्हणून आपल्याला नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशोब ही पंचसूत्री लागतेच.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. कुठलाही एक विषय घ्या, तिघींना वेगवेगळं बघून यायला सांगा आणि त्यांना पहिल्यांदा बोलू द्या. अध्यक्षताईंनी तोवर फक्त ऐकायचं.