कायदेमंडळात सामान्य माणूस

कायदा करणे हे काय कोणा सोम्यागोम्याचे काम आहे, असे विचारणारे गृहस्थ आपल्यांत पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, लोकसभेच्या उमेदवाराकडून आपली राज्यघटना नागरिकत्व, वयाची 25 वर्षे आणि शपथ मागते. शाळेचा दाखला मागत नाही. मग निवडून न आलेल्या माणसाला हे काम का साधू नये?

प्राचीन अथेन्समध्ये जनसभेपुढील कामकाज 500 नागरिकांचे मंडळ तयार करीत असे, आणि ते नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडत. (स्त्रिया व गुलाम यांची नावे त्या चिठ्ठ्यांत नसत, हे अथेन्सचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.)

अलीकडचा दाखला आयर्लंडचा. 1983 च्या घटनादुरुस्तीने तेथे गर्भाला मातेइतकाच जगण्याचा हक्क दिला होता, आणि हा प्रश्न पुन्हा उकरून काढायला पुढारी बिचकत. शेवटी 2016 साली वय, लिंग, प्रदेश व सामाजिक स्तर यांचे प्रमाण सांभाळून 99 नागरिकांची सभा नेमली. अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय होत्या. या प्रश्नासाठी सभा पाच शनिवार-रविवार बसली. डॉक्टर आणि कायदेपंडित यांची भाषणे झाली, दोन्ही पक्षांच्या संघटनांनी आपापली बाजू मांडली, स्त्रियांचे ध्वनिमुद्रित अनुभव ऐकवले गेले. आणि मग लहान लहान टेबलांभोवती चर्चा. आम्हाला महत्त्व वाटते ते या टेबलांचे. तेथे ना मतदारसंघ सांभाळायचा होता, ना पक्षादेश पाळायचा. एप्रिल 2017 मध्ये 64 टक्के सभासदांनी कारणाची अट न घालता गर्भपाताला मुभा द्यावी असे मत दिले. हे फारच पुढचे पाऊल झाले, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतदारांनी जुने कलम काढण्यास संमती दिली.

मात्र प्रत्यक्ष कायदा त्या 99 जणांनी केला नाही. तो डिसेंबर 2018 मध्ये संसदेने केला, आणि आमच्या मते ते योग्यच झाले; सभा संपल्यावर घरी गेलेल्या माणसाला मतदाराने जाब कोठे विचारायचा?

पण निवडून आलेल्यांच्या हाती मसुदा गेला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. पुढच्या एका नागरिकसभेने 2021 मध्ये सुचविले होते की, घरात व समाजात होणाऱ्या सांभाळाला साहाय्य करण्याचे बंधन घटनेने राज्यसंस्थेवर घालावे. सरकारने ते शब्द सौम्य करून ‘प्रयत्नशील राहील’ अशा अर्थाचे कलम मार्च 2024 मध्ये सार्वमतास ठेवले. नकाराला इतरही कारणे असतील. पण ते कलम जवळजवळ 74 टक्के मतदारांनी फेटाळले.