फूटभर उंचीचा साहेब आणि त्याचे गावठी भाऊबंद

लाकूड पाण्यावर तरंगतं, हे शाळेत शिकलो. बॉक्सवुड या विलायती कुंपणझुडपाचं ओलं लाकूड मात्र सरळ तळ गाठतं! झाड इतकं सावकाश वाढतं की त्याचा कण न् कण घट्ट बसलेला असतो. 'सफ्रुटिकोसा' ही त्यातली बुटकी जात तर वर्षाला जेमतेम इंचभर सरकते. बेळगावात कुणी हौसेनं कुंडीत आणून ठेवलं, तर दुसऱ्या वर्षी तक्रार ठरलेली : "वाढंना झालंय की ओ हे!" अहो, न वाढण्याचेच तर पैसे मोजले होते!

या घट्टपणापायी युरोपात फोटो छापायची सोय होण्याआधी पुस्तकांतली बारीक चित्रं बॉक्सवुडच्या ठोकळ्यांवर कोरायचे. आपल्याकडे जम्मूतल्या राजौरीत याच्या हिमालयी भावाला 'चिकरी' म्हणतात. त्याचे कंगवे आणि चमचे आजही बनतात, आणि त्या कलेला जीआय मानांकनही मिळालंय.

झाडांना कात्री लावून आकार द्यायची हौस दोन हजार वर्षांची. रोमचा धाकटा प्लिनी आपल्या बागेतल्या कातरलेल्या बॉक्सवुडचं वर्णन पत्रात अगदी रंगवून करतो. इंग्लंडच्या अॅन राणीला मात्र त्याचा वास सोसवेना. १७०२ मध्ये गादीवर आल्यावर तिनं केन्सिंग्टनच्या बागेतलं बॉक्सवुड उपटायला लावलं. तिचं फार चुकलं असं नाही. उन्हात तापलं की त्याला मांजराच्या मुताची आठवण करून देणारा दर्प येतो.

आपण बॉक्सवुड पाहिलंच नाही, असं निपाणीकरांनी म्हणू नये. मंगल कार्यालयात सेल्फीसाठी जी हिरवीगार भिंत उभी करतात, ती बहुधा बॉक्सवुडच्या पानांची नक्कल असते. प्लॅस्टिकची! पाणी नको, कात्री नको, वासही नाही. अॅन राणी खूश झाली असती.

खऱ्या झाडाचं आपल्याकडे घोडं अडतं ते मातीत. त्याला हवी थंडी, पाण्याचा झटपट निचरा आणि आम्लता नसलेली माती. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, हवा सुखाची, म्हणून आशा वाटते. पण इथली तांबडी माती आंबटाकडे झुकणारी आणि पाऊस चार महिने मुक्कामाला. निपाणीची काळी माती तंबाखूला मानवते, पण पाणी धरून ठेवते, आणि बॉक्सवुडची मुळं कुजायला तेवढं पुरतं. म्हणून साहेबाला कुंडीतच ठेवावं. तळाला मोठं भोक, मातीत भरपूर वाळू, थोडं मुरलेलं शेणखत, सकाळचं ऊन, आणि पावसाळ्यात वळचणीची जागा. उष्णता जरा जास्त सोसणारी जपानी जात मिळाली तर तीच घ्यावी.

आणि कुंपणाला? कुंती लावा की! इंग्रजीत हिचं एक नावच 'चायनीज बॉक्स' आहे. पानं तशीच बारकी, चकचकीत, कात्रीला राजी, लाकूडही चिवट. वर एक गोष्ट साहेबाकडे नाही : वळवाची सर पडून गेली की काही दिवसांत झुडूप पांढऱ्या फुलांनी भरतं आणि संध्याकाळनंतर गल्लीभर वास सुटतो. मागून तांबडी फळं लागतात, त्यांवर बुलबुल तुटून पडतात. फोडणीतल्या कढीपत्त्याची ही सख्खी चुलत बहीण. कुंतीच्या 'मुराया' या शास्त्रीय नावात मरे आहे आणि कढीपत्त्याच्या 'कोनिगी'त कोनिग. दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचे शिष्य. एक खोड तेवढी लक्षात ठेवायची. लिंबू-मोसंबीवर रोग पसरवणारा सिट्रस सिला हा किडा कुंतीवर आवडीनं राहतो, तेव्हा लिंबाच्या बागेशेजारी हिला जागा देऊ नये. कात्रीही बेतानं चालवायची. दर पंधरवड्याला छाटलं तर चौकोन सुरेख दिसतो, पण फुलं विसरा.

रस्तोरस्ती दिसणारा पिवळाधमक दुरंता अमेरिकेतून आलेला. सावलीत लावला तर सोनं उतरतं आणि पान हिरवं होतं. त्याची नारिंगी फळं विषारी, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. बंगल्याभोवतीची 'मेंदी' हातावर वाटून लावली आणि रंग चढला नाही, तर ती कोयनेल असण्याचा संभव दाट. हॉटेलच्या दारातले गोल हिरवे गोळे पुष्कळदा फायकसचे असतात. कुंडीत शोभतात, भिंतीलगत जमिनीत लावले तर वडाच्या जातीचे गुण दाखवतात.

शेताच्या बांधाला मात्र माझं मत करवंदालाच. खानापूर-चंदगडच्या डोंगरात ते आपसूक वाढतं, काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही, आणि वैशाखात शेजाऱ्याची पोरं कुंपणाशी आली तरी भांडण होत नाही.

कुंपण कोणतंही असो, छाटताना पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा. उलट केलं तर वरच्या फांद्या खालच्यांचं ऊन खातात आणि वर्षा-दोन वर्षांत खाली नुसत्या काटक्या उरतात. तिथून कोंबड्या, कुत्री आणि शेजारची शेळी, सगळ्यांना वाट मोकळी.